पहिला उशीर

लोकर दुकानातल्या दिव्याखाली निळी दिसली होती आणि घरी येऊन खिडकीपाशी धरली तर जांभळी निघाली, असं बाई म्हणाल्या आणि हॉलभर हसू पसरलं. बेताचंच हसू, कारण पुढे काय येणार याचा सगळ्यांना अंदाज होता. बाळाच्या मृत्यूच्या उदाहरणात लोकर आली की ती अर्धवट राहणार, एवढं इथे शिकायला आलेल्या, पहिल्या आठवड्यातल्या फेलोलाही कळतं. सगळे जिला काकू म्हणत ती मागच्या भिंतीशी दिव्याच्या बटणांजवळ उभी होती. स्लाइड सुरू झाल्या की दिवे घालवायचे, संपल्या की लावायचे, हे काम गेली काही वर्षं तिच्याकडेच होतं. तिला आधी नुसतं वाटलं, अरे, ही तर माझी लोकर. दुसऱ्याच्या घरी मांडणीवर आपलंच भांडं दिसावं आणि आपण मनाशी म्हणावं, असेल, असली भांडी काय सगळीकडेच मिळतात, तसं काहीतरी. मग बाई म्हणाल्या, टोपड्याचा एक कान विणून झाला होता, दुसरा राहिला होता. तिचा हात आपोआप बटणावर गेला आणि हॉलमधले सगळे दिवे भक्कन लागले. पोरांनी डोळे बारीक करून मागे पाहिलं. "अगं, अजून नाही," बाई प्रेमाने म्हणाल्या. तिने दिवे घालवले आणि बटणावरचा हात तिथेच ठेवला.

बाई म्हणजे संस्थेतल्या सगळ्यांच्याच बाई. आडनाव दारावरच्या पाटीपुरतं. लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली आणि मग एकेक बाळ बरं करत बसण्यापेक्षा बाळं आजारी का पडतात तेच बघू या म्हणून इकडे वळल्या. माता आणि बालकांच्या आरोग्याची ही फेलोशिप त्यांनीच उभी केली. दोन वर्षांचं शिक्षण. डॉक्टर येतात, नर्स येतात, आकडेमोड शिकलेले येतात, आणि जाताना सगळेच थोडेफार बाईंसारखं बोलायला लागलेले असतात. ती आली ती आकड्यांच्या बाजूने. तुकडीत सगळ्यांत मोठी, लग्न झालेली, डबा आणणारी, म्हणून पहिल्याच दिवशी तिला काकू हे नाव पडलं ते कायमचं चिकटलं. आता तर तिचं खरं नाव ठाऊक नसलेली पोरंही तिला काकू म्हणतात. बाई मात्र कधी काकू म्हणाल्या नाहीत. त्या अगं म्हणायच्या. त्या एका अगंवर तिने दोन वर्षं काढली, आणि फेलोशिप संपल्यावर दुसरीकडे बऱ्यापैकी नोकरी चालून आली असताना इथेच शिकवायला राहिली. नवरा तेव्हा म्हणाला होता, तुझ्या बाईंनी तुला काय पाजलंय कोण जाणे. येत्या वर्षी बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी ती बसणार हे संस्थेतल्या मांजरालाही माहीत होतं.

पडद्यावर तीन चौकोन आले. आई किंवा बाळ दगावतं तेव्हा कुठेतरी उशीर झालेला असतो, आणि तो तीनच ठिकाणी होतो. पहिला घरात, जायचं की नाही हे ठरवताना. दुसरा वाटेत. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर, जिथे डॉक्टर नसतो, रक्त नसतं किंवा कुणी विचारतच नाही. हे तिने स्वतः इतक्यांदा शिकवलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. "आता ही आई," बाई म्हणाल्या, "शिकलेली आहे. नोकरी करते. दवाखाना जवळ, दाराशी नवऱ्याची गाडी. सकाळपासून बाळाची हालचाल कमी झाल्याचं तिच्या लक्षात आलंय. आणि ती दिवसभर कामावर थांबते. कुणालाही सांगत नाही. कोणता उशीर?" पहिला, पहिला, असे आवाज आले. पुढच्या रांगेतल्या एकाने तर हात वर करून पहिला म्हटलं. तिच्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की नवऱ्याकडे गाडी नव्हती. गाडी नंतर घेतली, खूप नंतर. त्या दिवशी रिक्षा मिळाली होती, आणि रिक्षाचा एक दिवा चालत नव्हता. हे सगळं तिने मनात अगदी नीट दुरुस्त केलं, आणि मग ते दुसरं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. कुणालाही सांगत नाही. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण बाईंनी ते पुन्हा म्हटलं, सावकाश, पोरांना लिहून घेता यावं म्हणून.

ती स्वतः फेलो असताना, पोटात बाळ असतानाच्या त्या दिवशी संस्थेत पाहुणे आले होते. फेलोशिप चालवायला जी मंडळी पैशाची मदत करत त्यांचे पाहुणे. पुढची तुकडी घ्यायची की दुकान बंद करायचं ते त्यांच्या होकारावर होतं, आणि फेलोंपैकी तिचं काम त्यांना दाखवायचं असं बाईंनी ठरवलं होतं. काम वजनांचं होतं. घरी जन्मलेल्या बाळांची वजनं आरोग्यसेविका करतात. अडीच किलोच्या आत वजन असेल तर ते बाळ नाजूक, त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं, बाळाला उराशी धरून ऊब द्यायला आईला शिकवायचं. तिने हजारो वजनं तपासली तेव्हा तिच्या लक्षात आलं की अडीच या एका आकड्यावर बाळांची नुसती गर्दी झाली आहे, आणि अडीचच्या जरा खाली चिटपाखरू नाही. काटा थोडा अलीकडे थांबला की माणसाचा हात अडीच लिहून मोकळा होतो. खोटेपणा म्हणून नव्हे. सोयीचं वाटतं म्हणून, आईला बरं वाटावं म्हणून, सुटसुटीत आकडा डोळ्यांना बरा दिसतो म्हणून. आणि ती अलीकडची बाळं मग कुणाच्याच खिजगणतीत राहत नाहीत. बाई या कामावर फार खूश होत्या. तू माणसाच्या हाताचा स्वभाव पकडलास, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य तिने कितीतरी दिवस मनात घोळवलं होतं. तर त्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, ती बाईंच्या खोलीत गेली. बाई टेबलावर पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या लावत होत्या. ती म्हणाली, "बाई, सकाळपासून फारसं हललं नाहीये. मी जरा दाखवून येऊ का?" बाईंनी मान वर केली. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं, हे तिला आजही दिसतं. मग टेबलाचा खण उघडून एक चॉकलेट काढलं आणि वेष्टण सोडून तिच्या हातात दिलं. "शेवटी शेवटी जागा कमी पडते गं त्यांना. काहीतरी गोड खा, घटकाभर डाव्या कुशीवर पड. पाहुणे गेले की आपण दोघी जाऊ." त्या आपण दोघीने तिला इतकं बरं वाटलं की तिने चॉकलेट खाल्लं, आणि तिला वाटलं, हललं. हललं असावं. बाईंसारख्या डॉक्टरने सांगितल्यावर आकडेवाल्या बाईने काय शंका काढायची. तिने वजनांविषयी सुरेख सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चहा झाला, मग पाहुण्यांना संस्था बघायची होती, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. त्या फोटोत ती मधोमध उभी आहे, हात पोटावर, आणि हसते आहे. फोटो अजून कॉरिडॉरमध्ये टांगलेला आहे. रोज येता-जाता ती त्याच्यासमोरून जाते आणि मान उजवीकडे वळवते, तिथे भिंतीवर आग विझवायचं नळकांडं आहे. त्या नळकांड्यावरच्या सूचना तिला तोंडपाठ आहेत.

दवाखान्यात बाई बरोबर होत्या, दिल्या शब्दाप्रमाणे. सोनोग्राफीच्या यंत्रावरच्या मुलीने पडदा हळूच स्वतःकडे वळवला तेव्हा तिचा हात बाईंच्याच हातात होता. पुढचं सगळं बाईंनी निभावलं. डॉक्टरांशी त्याच बोलल्या, नवऱ्याला फोन त्यांनीच केला. बाळ झालं तेव्हा खोलीत जो शांतपणा होता त्याच्याविषयी ती कधी विचार करत नाही, तिथे तिच्या मनाने स्वतःच एक भिंत घातली आहे. पण त्याच्यानंतरचं लख्ख आठवतं. तिने नर्सला वजन विचारलं. नर्स म्हणाली, अडीच. ती म्हणाली, नीट बघून सांगा. नर्सने बाईंकडे पाहिलं, आणि बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, अडीचच म्हणा, आता काय फरक पडतो. त्या मायेनेच म्हणाल्या असतील. पण ती उठून बसायला लागली, सगळ्या नळ्या-बिळ्यांसकट, तेव्हा नर्स बिचारी घाबरून पुन्हा काट्याकडे गेली. दोन किलो तीनशे ऐंशी. हा आकडा म्हणजे तिच्या मुलीविषयी तिला ठाऊक असलेली एकमेव खरी गोष्ट. केस कुणावर गेले होते, डोळे कसे होते, हे सगळं रडण्यात वाहून गेलं. आकडा राहिला. तो तिने कुणाला सांगितला नाही. सांगायचा कुणाला? नवऱ्याला त्यात काय कळणार, असं तिला वाटायचं, आणि बाई तर तिथे होत्याच.

नवऱ्याने एकदाच विचारलं होतं. घरी आल्यावर, दोघंही जेवणाच्या ताटांसमोर नुसते बसले असताना. सकाळी लक्षात आलं होतं का तुझ्या? कुणाला बोलली नाहीस? तिच्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण तिला बाई दिसल्या, दवाखान्याच्या बाकावर चपला काढून पाय वर घेऊन बसलेल्या, एकदम म्हाताऱ्या, आणि तिने शब्द गिळले. नाही, कुणाला नाही बोलले, ती म्हणाली. नवरा ताटाकडे बघत म्हणाला, तू तर याच विषयातली. तेवढंच. पुन्हा कधी त्याने तो विषय काढला नाही, टोमणा मारला नाही, भांडणातसुद्धा नाही, आणि ते जास्त वाईट होतं. तेव्हापासून दोघांमध्ये ते वाक्य फर्निचरसारखं आहे. त्याला वळसा घालून दोघं चालतात, दोघांनाही सवय झाली आहे. तिला आई नव्हती, सासू दूर होती. त्या दिवसांत दुपारी बाई यायच्या, संस्थेतून लवकर निघून. तिचे गुंतलेले केस विंचरत बसायच्या, एकेक बट हातात धरून, मुळाशी ताण बसणार नाही अशा बेताने. डोकं असं दुसऱ्याच्या हाती देऊन बसलेलं असताना माणूस काय वाटेल ते बोलून जातो. तसंच एका दुपारी लोकरीचं निघालं. निळी म्हणून आणलेली लोकर, जांभळी निघाल्यावर झालेली चिडचीड, दुकानदाराशी भांडायला निघालेला नवरा, मग राहू दे म्हणून त्याच लोकरीचं विणायला घेतलेलं टोपडं, त्याचा एक कान. बाई रडल्या होत्या. तिच्या डोक्यावर कोमट थेंब पडला होता, तिला तो अजून जाणवतो. त्या चॉकलेटविषयी, पाहुणे गेले की या शब्दांविषयी, दोघी कधीच बोलल्या नाहीत. तिला वाटायचं, बाईंना ते आठवतं, आणि आठवतं म्हणूनच त्या बोलत नाहीत. त्या न बोलण्यावर तिचा केवढा विश्वास होता. बोललेल्यावर असतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त.

मधल्या सुट्टीत लंबू बिस्किटं घेऊन आला. तिच्यानंतरच्या तुकडीतला, दाराची चौकट बघून वाकणारा डॉक्टर. हल्ली बाई दुसऱ्या शहरांत शिकवायला जात तेव्हा तो त्यांच्याबरोबर असे. दिवे कसे काय लावलेस गं मध्येच, झोप लागली होती की काय, असं त्याने चिडवलं. ती म्हणाली, हे उदाहरण नवीन आहे का? लंबू हसला. नवीन कसलं, इथे पहिल्यांदा सांगितलं असेल, बाहेर तर बाईंचं हे हुकमी उदाहरण आहे. लोकर आली की निम्मा हॉल रुमाल काढतो. आधी ती आई शाळेत शिकवायची, मग बँकेत गेली, मागच्या खेपेला तर तिला गाडीसुद्धा मिळाली. लोकर मात्र तीच. तो चहात बिस्कीट बुडवत होता, आणि ते मोडून पडू नये याकडे त्याचं सगळं लक्ष होतं. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जास्त चांगलं होतं खरं तर," तो म्हणाला. "तेव्हा त्यात ती कामावरच्या मोठ्या बाईंना सांगते. आणि त्या म्हणतात, थांब जरा, काम उरकू दे. मला ते फार लागलं होतं. पण पोरांचा गोंधळ व्हायला लागला, हा घरातला उशीर धरायचा की कुठला. वाद घालत बसायची. मग बाईंनी तेवढं काढून टाकलं. म्हणाल्या, एका उदाहरणात एकच उशीर बरा." बिस्कीट अखेर चहात पडलंच, आणि लंबू चमचा शोधायला गेला.

ती कप हातात धरून तिथेच राहिली. इतका वेळ तिच्या मनाचा एक कोपरा बाईंच्या बाजूने भांडत होता, हे तिला आता कळलं. विसरल्या असतील, वय झालं, इतकी बाळं, इतक्या आया, सरमिसळ झाली असेल. विसरलेल्या माणसावर रागावता येत नाही, आणि तिला रागवायचं नव्हतंच. पण बाई विसरल्या नव्हत्या. सगळं आठवत होतं. कुठल्यातरी परक्या गावात, परक्या पोरांसमोर त्यांनी ते सांगूनही टाकलं होतं, नाव न घेता का होईना, आणि पोरांचा गोंधळ होतो म्हणून मग ते पुसलं होतं. काटा अलीकडे थांबला होता आणि बाईंनी अडीच लिहिलं होतं. आणि ती? ती इकडे नवऱ्यासमोर मूग गिळून बसली होती, घरात ते वाक्य वागवत होती, बाईंची अब्रू पदराखाली झाकल्यासारखी झाकत होती, आणि तिच्याच त्या झाकण्याचा बाईंनी पुरावा केला होता. कुणालाही सांगत नाही. हे तर तिने नवऱ्याला सांगितलेलं खोटं. तिच्या घरातलं. एखाद्याने आपल्या कपाटातून आपलाच कोट काढून घालावा आणि रस्त्यात आपल्याला विचारावं, कसा दिसतो? रडू येत नव्हतं. फसवलं गेल्याचं एक साधं, कोरडं, पोरकट दुःख होतं ते, शाळेत जिवलग मैत्रिणीने आपलं गुपित वर्गभर केल्यावर होतं तसं, आणि या वयात ते पुन्हा तितकंच होतं याचं तिला नवल वाटलं.

तेवढ्यात बाईच आल्या. तिच्या दंडाला धरून त्यांनी तिला खिडकीशी नेलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुला चाललं ना गं? नाव कुठे घेतलंय मी. आणि किती जणांना उपयोग होतो माहीत आहे तुला?" बाईंनी तिच्या दंडावरून हात फिरवला. आता मुलाखतीचा सराव आहे, त्या म्हणाल्या, आणि आई तूच व्हायचंस नेहमीप्रमाणे. आज हेच उदाहरण घे. आत्ताच ऐकलंय त्यांनी, नीट विचारतात का बघू. "तुझ्यासारखी आई कुणाला जमत नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखरच ओलसर होते. यात कुठे लबाडी आहे का ते ती शोधत राहिली. तिला ती सापडली नाही. बाईंना हे सगळं चांगलंच वाटत होतं, तिच्यासाठीसुद्धा चांगलं, जखम धुतल्यासारखं. सापडली असती तर सोपं गेलं असतं.

सराव असा असतो. बाळ गेल्यावर काही दिवस जाऊ देऊन आईच्या घरी जायचं आणि ते कसं गेलं ते तिच्याकडून समजून घ्यायचं, ही या कामातली सगळ्यांत अवघड गोष्ट. खऱ्या आईकडे धाडण्याआधी फेलोंना खोट्या आईवर शिकवतात. दोन खुर्च्या समोरासमोर, एकीवर आई, एकीवर फेलो, बाकीचे भोवताली. आई झालेल्या माणसाने खांद्यावर शाल घ्यायची, म्हणजे सगळ्यांना कळतं की आता ही काकू नाही. नियम दोनच. आईने उदाहरणाच्या बाहेर जायचं नाही. आणि फेलोने प्रश्न विचारला की गप्प बसायचं. दुसरा नियम बाईंचा लाडका. उत्तर पोटातून येतं, त्याला वाटेत वेळ लागतो, तुम्ही घाई करू नका, असं त्या दर तुकडीला सांगतात. गेल्या काही वर्षांत तिने कितीतरी आया केल्या होत्या. रडणारी, न रडणारी, सासूला घाबरणारी, प्रत्येक प्रश्नाला देवाची मर्जी म्हणणारी. सगळ्या बनवलेल्या. घरी भाजी चिरताना ती त्या बनवायची, आणि त्यांच्यात आपलं काही एक येऊ न देण्याची तिची हातोटी होती. तिने शाल घेतली. शाल टोचरी होती, नेहमीसारखी.

समोर चष्मेवाली मुलगी बसली. नर्स म्हणून काम करून आलेली, कमी बोलणारी, वर्गात सगळ्यांत मागे बसणारी. पेन्सिल दोन्ही हातांत धरून तिने आधी बरं आहे का, पाणी हवं का, असं विचारलं. आवाज चांगला होता. मग कितवा महिना होता, त्रास काही होता का, सगळं ओळीने. ती उत्तरं देत गेली. उदाहरणातलीच उत्तरं, नवऱ्याची गाडीसुद्धा तिने येऊ दिली. बाई मागच्या भिंतीशी, दिव्याच्या बटणांजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या आणि मान डोलवत होत्या. हालचाल कमी झाल्याचं केव्हा लक्षात आलं? सकाळी, ती म्हणाली. आणि मुलीने विचारलं, "तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलंत का?"

नाही, हे उत्तर होतं. सगळ्यांना ते माहीत होतं, काहींनी तर ते लिहूनही टाकलं असणार. नाही म्हणायला काय लागतं. नवऱ्यासमोर म्हटलंच होतं. तिने तोंड उघडलं, आणि तो शब्द काही केल्या बाहेर येईना. तिला ते वेष्टण आठवलं, चॉकलेटचं, बाईंनी सोडताना झालेला त्याचा आवाज. त्या चॉकलेटची चव अजून जिभेच्या मुळाशी होती, गोड, आणि मागून किंचित कडसर. मुलगी गप्प होती. शिकवल्याप्रमाणे, पेन्सिल न हलवता. पोरं चुळबुळ करायला लागली, कुणाची तरी खुर्ची करकरली. तरीही मुलगी गप्पच होती, आणि त्या गप्प बसण्यात इतकी जागा होती की शेवटी तिच्याच्याने राहवलं नाही.

"सांगितलं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"जिथे काम करत होते तिथल्या बाईंना. त्या डॉक्टर होत्या. त्या म्हणाल्या, काहीतरी गोड खा, आणि पाहुणे जाईपर्यंत थांब."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. हे नव्हतं, असं कुणीतरी पुटपुटलं, आणि सगळ्या माना मागे, बाईंकडे वळल्या. ती मात्र वळली नाही. तिला बाईंचा श्वास ऐकू आला, किंवा तसं वाटलं. मग बाईंचा आवाज आला, शिकवण्याचा, उबदार, जराही न हललेला. "छान. हे बघून ठेवा. खऱ्या मुलाखतीतही हे होतं. दुःखातल्या आईला कुणालातरी दोष द्यावासा वाटतो, आणि मग आठवण हळूहळू बदलते. तिला तेच खरं वाटायला लागतं. ती खोटं बोलत नसते. याला आठवणीतली चूक म्हणतात. लिहून घ्या." आणि पोरांनी लिहून घेतलं. इतक्या पेनांचा तो बारीक सरसर आवाज तिच्या चारी बाजूंनी आला. तिला वाटलं होतं की सांगून टाकलं की काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. तिने सांगितलेलं जिथल्या तिथे उचलून, घडी करून, एका योग्य नावाच्या खणात ठेवलं गेलं, आणि खण बंद झाला. बाईंना हे किती सहज जमलं. इतकं सहज, की क्षणभर तिला स्वतःलाच शंका आली. चॉकलेट होतं ना? होतं. वेष्टण होतं ना?

चष्मेवाली मुलगी एकटीच काही लिहीत नव्हती. ती तिच्याकडे बघत होती, शालीकडे, शाल गच्च धरलेल्या बोटांकडे. मग तिने घसा साफ केला आणि पुढचा प्रश्न विचारला, तो नेहमीच पुढे असतो.

"बाळाचं वजन किती होतं?"

"दोन किलो तीनशे ऐंशी."

"अडीच," बाई मागून म्हणाल्या. थकल्या आवाजात, समजूत घातल्यासारखं, कुणीतरी तेच ते घरातलं जुनं भांडण पुन्हा उकरून काढावं तसं. "अडीच होतं गं."

पेनं थांबली. एक पोरगा मागची पानं चाळायला लागला, आणि चाळता चाळता त्याचा हात मंदावला. उदाहरणात वजन नव्हतंच. लोकर होती, टोपड्याचा एक कान होता, गाडी होती, वजन कुठेच नव्हतं. मग आईच्या खुर्चीवरून तिने मान वळवली. बाईंनी तोंडावर हात ठेवला नव्हता, त्या उठल्याही नव्हत्या. दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या तशाच त्या बसल्या होत्या, आणि त्यांचा एक पाय चपलेतून बाहेर आला होता. चष्मेवाली मुलगी तिच्याकडे बघत होती, मग बाईंकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिने पेन्सिलीने कागदावर दोन किलो तीनशे ऐंशी लिहिलं, आकडा नीट वाचता येईल असा. मग आपली खुर्ची थोडीशी मागच्या भिंतीकडे वळवली.

"बाई," ती अदबीने म्हणाली, "तुम्ही होतात का तिथे?"

आणि प्रश्न विचारून झाल्यावर, शिकवल्याप्रमाणे, ती गप्प बसली.